यामाहा आरएक्स-व्ही385: सहा की आठ?

सेकंडहँड रिसिव्हर, म्हणजे टीव्ही-गाण्यांचा आवाज स्पीकरना पुरवणारा अँप्लिफायर, घेताना माणूस रिमोट बघतो, ओरखडे बघतो, ब्लूटूथ लागतं का बघतो. आधीच्या मालकाने आत सेटिंग काय लावून ठेवलंय, हे कुणी बघत नाही. मीही बघितलं नाही. आणि मी तर नाशिकमधल्या अंबडला मोटर रिवाइंडिंगचं वर्कशॉप चालवतो, सत्तावीस वर्षं ओहम, म्हणजे विजेला होणारा रोध, मोजूनच घर चालतंय.

गंगापूर रोडवर एक इंजिनिअर राहायचे. त्यांची बदली बंगळुरूला झाली, सामान कमी करायचं होतं. त्यांच्या यामाहा रिसिव्हरचा सतरा हजारांत सौदा झाला, खोक्यासकट. फक्त मॅन्युअल हरवलेलं. अॅक्टिव्हावर पायांत खोकं ठेवून, प्रत्येक गतिरोधकाला देवाचं नाव घेत सिडकोत आणलं. उचलताना पहिला विचार आला तो आमच्या धंद्यातला: हलकं आहे. आठ किलोच्या आतलं. आम्ही लोक अँप्लिफायर वजनावर जोखतो, कारण वजन म्हणजे ट्रान्सफॉर्मर आणि ट्रान्सफॉर्मर म्हणजे दम.

माझे स्पीकर मात्र हलके नाहीत. 1996 साली पंचवटीतल्या एका सुताराकडून पेट्या करून घेतल्या होत्या. अठरा मिलिमीटरचा प्लाय, आत गादीवाल्याकडचा कापूस, जाड आवाजाला आठ इंची वूफर, वर बारीक आवाजाला ट्विटर आणि ट्विटरला एक कपॅसिटर, संपलं. बायको त्यांना 'कोठ्या' म्हणते. दोन्ही कोठ्यांवर मनी प्लँटची बाटली आहे, ती हलवायची नाही, या अटीवर त्या अजून हॉलमध्ये आहेत.

जोडणी झाली. या रिसिव्हरसोबत एक छोटा माइक येतो, तो कोचावर ठेवायचा, वायपीएओ नावाची तपासणी चालवायची. मग तो एकेका स्पीकरमधून खरखर सोडतो आणि अंतर, आवाजाची पातळी वगैरे आपलं आपण ठरवतो. पहिल्याच तपासणीत त्याने डब्ल्यू-1 अशी सूचना दिली. म्हणजे एका स्पीकरच्या वायरी उलट लागल्यात. गेलो, बघितलं, डाव्या कोठीची लाल-काळी खरंच उलटी. सुताराच्या पेटीला मागे रंग नव्हतेच, मी अंदाजाने लावलेल्या. इतकी वर्षं त्या उलट्याच वाजत होत्या की काय कुणास ठाऊक! सुलट केल्यावर तबला एकदम मधोमध येऊन बसला. एवढ्यासाठीच मी या मशीनला अर्धे पैसे वसूल म्हणून टाकले असते.

पण हा माइक स्पीकर किती ओहमचा आहे ते सांगत नाही. ते आपल्यालाच सांगावं लागतं, आणि ते सांगायची जागा नेहमीच्या मेनूत नाही, लपवून ठेवलीय. रिसिव्हर स्टँडबायवर ठेवायचा, पुढच्या पॅनेलवरचं 'स्ट्रेट' बटण दाबून धरायचं आणि ते न सोडता पॉवरचं दाबायचं. मग एक वेगळाच मेनू उघडतो, त्यात पहिलंच कलम स्पीकर इंपीडन्सचं, म्हणजे स्पीकर किती ओहमचा त्याचं. पर्याय दोन: किमान 8 ओहम, किमान 6 ओहम. कारखान्यातून 8 वर येतो. स्ट्रेट दाबत गेलं की बदलतो, मग बंद करून पुन्हा चालू करायचा. मॅन्युअल इंटरनेटवर सापडलं तेव्हा हे कळलं, आणि उघडून बघतो तर माझा 6 वर.

इंजिनिअर साहेबांना फोन केला. म्हणाले, "हो हो, माझे टॉवर स्पीकर चार ओहमचे होते ना. दुकानदाराने सांगितलं सहावर ठेवा म्हणजे मॅच होतात."

हा 'मॅच' शब्द माझ्या ओळखीचा. आमच्याकडे मंडपवाल्यांचे अँप्लिफायर येतात, गणपतीच्या आधी महिनाभर तर रांग असते. त्यांच्या पाठीमागे पट्टीवर लिहिलेलं असतं: 4 ओहम, 8 ओहम, 16 ओहम, मग 70 व्होल्ट, 100 व्होल्ट. आत आउटपुट ट्रान्सफॉर्मर, त्याच्या सेकंडरीला, म्हणजे स्पीकरकडच्या गुंडाळीला, मधूनमधून टॅप म्हणजे जोडायची टोकं काढलेली. आठचा लोड असेल तर आठच्या टॅपवर जोडा. लांबवर भोंगे न्यायचे असतील तर शंभर व्होल्टची लाइन काढा आणि प्रत्येक भोंग्याला आपला छोटा ट्रान्सफॉर्मर. जुन्या व्हॉल्व्हच्या मशीनला तर याशिवाय चालायचंच नाही. असे ट्रान्सफॉर्मर मी स्वतः भरलेत. त्यामुळे मी गृहीत धरलं की या रिसिव्हरमध्येही तोच प्रकार असणार, फक्त टॅप बटणावर आणलाय.

मग मी मीटर घेतला. फ्ल्यूकसारखा नावाजलेल्या कंपनीचा नाही, साधा, पण भरवशाचा. वायरी काढल्या, कोठीच्या टोकांना प्रोब लावले. उजवी 6.3, डावी 6.4. म्हटलं, सहा! सेटिंग बरोबर, मी हुशार, विषय संपला. आणि तसंच दोन महिने वाजवलं.

विषय पुतण्याने उकरून काढला. तो सातपूरला आयटीआय करतो, इलेक्ट्रॉनिक्स, दुसरं वर्ष. एका रविवारी मिसळ खाऊन आला, मी आपली मोजणी त्याला अभिमानाने सांगितली, तर तो तर्री लागलेल्या घशाने खोकत हसायला लागला.

"आप्पा, तुम्ही डीसी मोजलीत. मोटरचं वाइंडिंग मीटरवर दोन ओहम दाखवतं, म्हणून तुम्ही 230 भागिले 2 करून 115 अँपिअरचा फ्यूज टाकता का?"

घरात पाहुणे नव्हते म्हणून बरं.

त्याचं खरं होतं, आणि मला ते इतर कुणापेक्षा आधी कळायला हवं होतं. मीटर आपल्या बॅटरीवरून नुसता तांब्याचा रोध मोजतो. आठ ओहमच्या स्पीकरची कॉइल मीटरवर सहाच्या आसपासच दिसते, चारवाल्याची सव्वातीन-साडेतीन. म्हणजे मीटरने सहा दाखवलं तर स्पीकर आठचा समजायचा. शिवाय ट्विटरच्या वाटेत कपॅसिटर, तो डीसी जाऊच देत नाही, त्यामुळे मीटरला फक्त वूफर दिसत होता. पुतण्याने कोठीचं वूफर चार स्क्रू काढून बाहेर घेतलं, मॅग्नेटवरची धूळ पुसली. तिथे छापलेलं होतंच, 8 ओहम. इतकी वर्षं आत पाठ करून बसलेलं.

पण मग मला राहवेना. मी त्याला म्हटलं, आता एसीवर मोजूच. वर्कशॉपमधून 10 ओहम, 10 वॅटचा रेझिस्टन्स आणला, तो कोठीबरोबर सिरीजमध्ये टाकला. मोबाइलवरून वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीचा सूर सोडायचा, रेझिस्टन्सवरचे व्होल्ट आणि स्पीकरवरचे व्होल्ट मोजायचे. दोन्हींतून करंट एकच जातो, त्यामुळे स्पीकरवरच्या व्होल्टना रेझिस्टन्सवरच्या व्होल्टनी भागून दहाने गुणलं की त्या फ्रिक्वेन्सीला स्पीकर किती ओहमचा, ते कळतं. चारशे हर्ट्झच्या वर गेलो नाही, कारण साधा मीटर त्यापुढे एसी नीट वाचत नाही.

दोनशे हर्ट्झला 7.1 आलं. शंभरला अकराच्या घरात. मग खाली खाली येत अठ्ठावन्नला पोचलो आणि आकडा एकतीस! वूफरचा पडदा तेव्हा डोळ्यांना दिसेल इतका पुढेमागे होत होता, बोट लावलं तर थरथर कोपरापर्यंत. इतका हलतोय आणि करंट सगळ्यांत कमी खातोय. पुतण्या पुस्तकातलं काहीतरी सांगायला लागला, त्याला थांबवलं. ही तर माझ्या टेबलावरची रोजची गोष्ट आहे. चालती मोटर टाँग टेस्टरवर, म्हणजे वायरीभोवती धरून करंट मोजायच्या मीटरवर, चार अँपिअर दाखवते आणि तीच अडकून उभी राहिली की पंचवीस. का? फिरणारी मोटर स्वतःच उलटं व्होल्टेज तयार करते, ते येणाऱ्या व्होल्टेजला अडवतं. स्पीकरची कॉइलही चुंबकात हलते, तीही मोटरच. जिथे ती मोकळी झुलते तिथे उलटं व्होल्टेज जास्त, म्हणून करंट कमी, म्हणून ओहम जास्त. सत्तावीस वर्षं मोटरी भरतोय आणि हॉलमध्ये दोन मोटरी मनी प्लँट डोक्यावर घेऊन उभ्या आहेत, हे त्या रविवारी दिसलं.

सांगायचं ते हे, की स्पीकरवर छापलेला आकडा हा एक ठोकळ करार असतो. प्रमाणित पद्धतीप्रमाणे आठ म्हणून विकलेला स्पीकर कुठल्याही फ्रिक्वेन्सीला त्याच्या 80 टक्क्यांखाली, म्हणजे 6.4 खाली जाऊ नये. मोजलं तिथपर्यंत माझी कोठी 7.1 च्या खाली सापडली नाही. सुताराचं काम, पण करारात बसतंय.

आता त्या सहा-आठच्या बटणाकडे. ते बदलल्याने रिसिव्हर 'सहा ओहमचा' होत नाही. ट्रान्झिस्टरच्या अँप्लिफायरचा स्वतःचा आउटपुट इंपीडन्स एका ओहमच्याही खूप खाली असतो. तो व्होल्टेज पुरवतो, स्पीकर आपल्या कुवतीप्रमाणे करंट ओढतो. आपल्या भिंतीवरच्या बोर्डासारखं: तिथे 230 व्होल्ट आहेत, नाइट लॅम्प लावा नाहीतर गीझर, त्यांना बोर्डाशी मॅच कोण करतं? फक्त बोर्डाची वायर तेवढा भार सोसेल का, एवढंच बघायचं. हे बटण त्या वायरीबद्दल आहे.

हिशेब सोपा. वीस व्होल्ट बाहेर पडतायत असं धरा. आठ ओहमला अडीच अँपिअर, पन्नास वॅट. चार ओहमला त्याच वीस व्होल्टवर पाच अँपिअर, शंभर वॅट. आवाज वाढला म्हणून खूश होऊ नका, आतल्या ट्रान्झिस्टरकडे बघा. सप्लाय समजा पंचेचाळीसचा असेल आणि बाहेर वीस जात असतील, तर मधले पंचवीस व्होल्ट ट्रान्झिस्टरच्या अंगावर पडतात आणि त्याच अंगातून आता दुप्पट करंट जातोय. सगळी उष्णता हीटसिंकवर, म्हणजे ती बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्यावर. कमी ओहमच्या सेटिंगने रिसिव्हर आपली कमाल ताकद खाली ओढतो. कुठल्या मशीनमध्ये ट्रान्सफॉर्मरचा खालचा टॅप लागून सप्लायच कमी होतो, कुठल्या मशीनमध्ये नुसतीच मर्यादा येते. म्हणजे टॅप असलाच तर तो सप्लायच्या बाजूला, स्पीकरच्या बाजूला नाही. माझी चूक नेमकी तिथे होती.

मग आठ ओहमच्या स्पीकरला सहावर ठेवून मी दोन महिन्यांत काय गमावलं? खरं सांगायचं तर फार काही नाही. रोजच्या आवाजाला, म्हणजे संध्याकाळी बातम्या झाल्यावर बायको भाजी निवडत ऐकते त्या आवाजाला, मी स्पीकरवरचे व्होल्ट मोजले. दोनच्या आसपास. दोन गुणिले दोन भागिले आठ, अर्धा वॅट! खोक्यावरचा आकडा 70 वॅटचा आणि आमच्या दहा बाय चौदाच्या हॉलला अर्धा वॅट पुरतोय. त्या पातळीला सहा काय आणि आठ काय, डोळे मिटून ऐकलं तर मला फरक सांगता आला नाही, पुतण्यालाही नाही. तो सांगता येतोय असं म्हणत होता, पण मी बटण बदललंच नव्हतं तेव्हाही म्हणाला.

फरक कळला तो मोठ्या आवाजात. दार-खिडक्या लावून, शेजारच्या काकूंना आधी सांगून, पखवाज आणि टाळांचं एक भजन चढवत नेलं. सहावर एका टप्प्यानंतर पखवाजाची थाप बसकी झाली आणि टाळ करकरायला लागले. आठवर तोच टप्पा स्वच्छ गेला, त्याच्या दोन-तीन आकडे पुढे जाऊन करकरला. एवढंच. हे लक्षात ठेवा की ताकद दुप्पट झाली तरी आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. म्हणून या बटणाने 'आवाज खुलला' असं कुणी सांगितलं तर त्याला चहा पाजा आणि विषय बदला.

इथवर सगळं ठीक होतं. रिसिव्हर आठवर, कोठ्या आठच्या. आणि मग गणपती आले.

मागच्या गॅलरीत आरती ऐकू यावी म्हणून मी आठ ओहमचे दोन छोटे स्पीकर लावले आणि त्यांच्या वायरी रिसिव्हरमागे कोठ्यांच्याच पेचात कोंबल्या. डाव्या पेचात दोन, उजव्या पेचात दोन. आठला आठ पॅरलल म्हणजे चार, हे मला झोपेतही येतं. पण हातात स्क्रूड्रायव्हर असला की माणूस बेरीज करत नाही. त्यात रिसिव्हर ठेवला होता शोकेसमध्ये, काचेच्या सरकत्या दाराआड, वर लग्नातले ग्लासचे सेट, बाजूला बोटभरही जागा नाही. सेटिंग 8 वर, लोड 4 चा, हवा शून्य, आणि घरात तीस माणसं म्हणून आवाज चांगलाच वर. चाळीसेक मिनिटांनी, आरती ऐन रंगात, सगळं एकदम गप्प. टाळ्या वाजत राहिल्या. शोकेसचं दार सरकवलं तर इस्त्रीच्या कपाटातून यावी तशी वाफ तोंडावर आली.

अर्ध्या तासाने तो पुन्हा चालू झाला, काही जळलं नव्हतं. गुन्हा सगळा माझा, आणि मशीनने वेळेवर स्वतःला ट्रिप केलं याचं मला कौतुकच वाटलं. माझ्याकडे येणाऱ्या मोटरींपैकी निम्म्यांना इतकी अक्कल असती तर माझं दुकान बंद पडलं असतं.

त्या लोडला सेटिंग 6 वर असायला हवं होतं. 6 वर ठेवलं तर पुढच्या दोन स्पीकरना चार ओहमही चालतात, असं यामाहाचं मॅन्युअलच म्हणतं. इंजिनिअर साहेबांचं सेटिंग त्यांच्या घरी बरोबर होतं, दुकानदाराने दिलेलं 'मॅच'चं कारण तेवढं चुकीचं होतं. इंटरनेटवर बरेच जण सांगतात की हे बटण कायम आठवरच ठेवा, बाकी सगळं थोतांड. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, हलका आवाज आणि मोकळी हवा असेल तर चारवाला स्पीकरही आठवर वर्षानुवर्षं चालेल. पण नाशिकचा मे महिना, चाळीसला टेकलेला पारा आणि काचेचं शोकेस असेल तर मी कंपनीचं ऐकेन. गमवायचं काय, तर फार वरच्या आवाजातलं थोडंसं. मिळतं काय, तर थंड हीटसिंक. स्पीकर आठचे असतील तर मात्र विचार करू नका, आठवर ठेवा. आणि स्पीकरवर काही लिहिलेलंच नसेल तर मीटरवर येईल त्या आकड्यात त्याचा पाव ते एक तृतीयांश भाग मिळवा, जवळचा चार, सहा किंवा आठ तो तुमचा.

मशीनबद्दल बाकीचं थोडक्यात. एचडीएमआयचे चार इनपुट, एक आउटपुट. सेट टॉप बॉक्स, फायर स्टिक, जुना डीव्हीडी प्लेअर लावून एक शिल्लक. ब्लूटूथ पटकन लागतं, वायफाय नाही, मला नकोच होतं. पुढचं 'स्ट्रेट' बटण एरवी सगळे हॉल-चर्चचे नकली घुमारे काढून टाकतं, ते मी दाबूनच ठेवलंय. रिमोटवर बटणं इतकी की बायकोने त्यावर नेलपॉलिशने तीन ठिपके दिलेत: चालू, कमी, जास्त. पॅनेलवरची अक्षरं रात्री चष्म्याशिवाय वाचता येत नाहीत. ते लपलेलं कलम पुढच्या मेनूत का ठेवलं नाही, याचा मला राग होता. गणपतीतल्या प्रकारानंतर वाटतं, माझ्यासारख्यांच्या हाताला लागू नये म्हणून असेल.

रिसिव्हर आता शोकेसच्या बाहेर आहे, वर वीतभर मोकळी जागा सोडून. ग्लासचे सेट माळ्यावर गेले, त्यावर आमचं अजून बोलणं चालू आहे. वायरी नवीन टाकल्या, दीड स्क्वेअर मिलिमीटरच्या, टोकांना लग दाबून, म्हणजे एखादी सुटी तार शेजारच्या पेचाला लागायला नको. वायर जोडताना प्लग काढायचा, हे आमच्या पोरांना मी रोज ओरडून सांगतो, आता स्वतःलाही सांगतो.

गॅलरीचे दोन छोटे स्पीकर वर्कशॉपमध्ये नेले. एका मंडपवाल्याने सोडून दिलेलं जुनं मशीन तिथे पडून होतं, त्याचा ट्रान्सफॉर्मर भरला, दोन्ही स्पीकर पॅरलल लावले. पाठीमागच्या पट्टीवर मात्र मोजून 4 ओहमच्या टॅपवर जोडलेत. तिथे तो खरंच टॅप आहे, मीच काढलेला.